साडेतीनशे ग्रॅम कडता

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी पावडरच्या दुधाचा डबा फोडण्यात आला. सव्वीस दिवसांच्या छकुलीनं त्यातलं साठ मिली पिऊन टाकलं आणि ती चार तास झोपली. निकाल हा असा लागला. आता तो लागलाच नाही असं समजून आपण सकाळी आठ वाजता परत येऊ, कारण आठ वाजता गारखेड्यातल्या त्या घरात सगळ्यांचं असंच म्हणणं होतं की आपण नुसतं बोलायला बसतोय, ठरवायचं काही नाही. ज्या घरात नुसतं बोलायला बसतात तिथं ठरलेलं असतं.

भामाबाई शनिवारी संध्याकाळीच सोयगावहून येऊन थडकल्या होत्या. कारभारींची ही थोरली बहीण घरात आली की पंखासुद्धा जरा हळू फिरायचा. आठ वाजता त्यांनी चहा बशीत ओतला, दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "कारभारी, वही काढ."

कारभारी एकतीस वर्षं बाजार समितीत मापाडी होते. मका, तूर, सरकी, जे पोत्यात मावतं ते सगळं त्यांनी मोजलं होतं, आणि जे पोत्यात मावत नाही त्यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. निवृत्तीच्या दिवशी इतरांना शाल आणि नारळ मिळतो. त्यांना व्यापाऱ्यांनी हौसेनं इलेक्ट्रॉनिक टेबल-काटा दिला. सहा वर्षं तो चादरीत गुंडाळून पलंगाखाली पडून होता. नात झाली तेव्हा तो बाहेर निघाला, आणि माणूस नातीला काट्यावर तोलतोय हे बघूनही घरातल्या कुणाला हसू आलं नाही.

वजन दर गुरुवारी व्हायचं. शिवराज, म्हणजे कारभारींचा मुलगा, पहाटे कंपनीच्या बसला जाण्याआधी बाळंतिणीच्या खोलीत काटा मांडून, त्यावर जर्मलची परात आणि परातीत दुपटं ठेवून जायचा. दहा वाजता आंघोळीनंतर शिवराजची आई सारजाबाई छकुलीला उघडीच परातीत ठेवायच्या आणि दिसेल तो आकडा मोठ्यानं बाहेर सांगायच्या. बाहेर, कारण बाळंतिणीच्या खोलीत सासऱ्यानं पाऊल टाकायचं नसतं. कारभारी दाराकडं पाठ करून खुर्चीवर बसायचे, आकडा ऐकायचे, त्यातून परातीचे आणि दुपट्याचे मिळून साडेतीनशे ग्रॅम कापायचे आणि उरलेलं वहीत लिहायचे. याला बाजारात कडता म्हणतात. पोत्याचं वजन मालातून वजा करायचं, नाहीतर पोतं मक्याच्या भावात जातं. एकतीस वर्षांत कडता कापल्याशिवाय त्यांनी एकही आकडा लिहिला नव्हता. लग्नाच्या पंगतीत भाताची मूद बघूनही ते मनातल्या मनात पत्रावळीचं वजन वजा करत असावेत.

वही निघाली. कारभारींनी चष्मा लावला आणि लिलावाच्या आवाजात वाचलं. जन्माचं, दवाखान्यातलं, दोन किलो आठशे पन्नास. नववा दिवस, दोन चारशे तीस. सोळावा, दोन पाचशे ऐंशी. तेविसावा, दोन आठशे.

"म्हंजे?" भामाबाई.

"म्हंजे तेवीस दिवस झाले, आन् अजून जन्माच्या वजनाला पोचायला पन्नास ग्रॅमची घट हाये."

"घट कामून म्हणतो रं? पोरगी हाय का गूळ?"

कारभारींनी वहीचं पान सरळ केलं. त्यांना दुसरा शब्द येत नव्हता.

शिवराजची बायको सोनिया दाराच्या पडद्याआड उभी होती. तिची आई ती बारावीत असतानाच गेली होती. पाचोडला बाप एकटा. म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरीच झालं होतं, आणि पडद्याच्या तिच्या बाजूला तिच्याशिवाय कुणी नव्हतं. पोटावरच्या टाक्यांमुळं तिला अजून सरळ उभं राहता येत नव्हतं. वाकून उभ्या असलेल्या माणसाचं म्हणणं नेहमी विनवणीसारखं ऐकू येतं, हे तिला या महिन्यात कळलं होतं.

तिचं म्हणणं साधं होतं. सहा महिने छकुलीला फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही. आशा सेविका नीरजाताई घरी येऊन हेच सांगून गेल्या होत्या, पण सोनियानं ते त्यांच्याही आधी ठरवलं होतं. कॉलेजातल्या कंत्राटी नोकरीत तिचं टेबल दुसऱ्याचं होतं, या घरात कपाट नवऱ्याचं होतं, आणि पोरीचं नाक, डोळे, कपाळ आल्यागेल्यांनी कारभारींच्या खानदानात वाटून टाकलं होतं. हे एक तेवढं तिचं होतं.

"आबा," ती आतून म्हणाली, "दिवसाला सात लंगोट ओले होतात. नीरजाताई म्हणाल्या, सहा झाले तरी पुरतंय समजा."

"काट्याला मूत कळत नाय, सूनबाई."

यानंतर बाजू पडल्या. भामाबाईंचं मत गाईच्या दुधात निम्मं पाणी आणि बोटभर मध असं होतं. त्यांची पाचही पोरं त्यावर वाढली होती आणि त्यातली चार अजून त्यांच्याशी बोलत होती. डब्याला मात्र त्यांचा ठाम विरोध. डब्यातलं दूध कोणत्या गाईचं हे डब्याला बी ठाऊक नसतं, असं त्या म्हणाल्या. त्यामुळं साधारण दहा मिनिटं भामाबाई आणि सोनिया एका पक्षात होत्या, आणि सोनियाला आयुष्यात पहिल्यांदा बहुमत म्हणजे काय ते कळलं. मग तिनं मध आणि पाणीही नको असं सांगितलं.

"पाणी बी नाय?" भामाबाईंनी बशी खाली ठेवली. "एप्रिल चालूय बाई. आपण कोंबडीला बी ठिवतो पाणी."

युती तिथंच मोडली.

शिवराज इतका वेळ मोबाईलकडं बघत होता. तो वाळूजच्या एका कंपनीत तपासणी विभागात होता. दिवसभर लोखंडी रिंगा मोजायचा. मोजमापाच्या यंत्राचं शून्य बरोबर आहे का हे बघितल्याशिवाय तो कशालाही हात लावत नसे, आणि घरातल्या वादात शून्यापासून हलत नसे. आज मात्र तो बोलला. सोनियाची सुट्टी नव्वद दिवसांची. पुढं डबा लागणारच, मग आत्ताच लागला तर बिघडलं काय. भामाबाईंनी विचारलं, एवढ्या उन्हात डबा आणायला जाणार कोण.

"आणलेला आहे," शिवराज म्हणाला.

पडदा हलला. "कधी?"

"गुरुवारी. डिक्कीत आहे."

"मला विचारायचं होतं."

"तू नाही म्हणाली असतीस."

यात खोटं काहीच नव्हतं. तीन दिवस डबा गाडीच्या डिक्कीत, पंक्चरच्या सामानाशेजारी बसून आपल्या बैठकीची वाट बघत होता.

आता राहिल्या सारजाबाई. खरं बघितलं तर सगळं त्यांच्यावरच अडलं होतं. गेले सव्वीस दिवस त्या सुनेच्या बाजूनं भिंतीसारख्या उभ्या होत्या. अळिवाचे लाडू, डिंक, मेथीची खीर, शतावरी घातलेलं दूध, सगळं त्यांनी केलं होतं. आदल्या संध्याकाळी भामाबाईंनी मधाची बाटली पिशवीतून काढली तेव्हा सारजाबाईंनी ती तशीच घेऊन फडताळात वरच्या फळीवर ठेवली होती, जिथं भामाबाईंचा हात पोचत नाही. पण वही वाचली जाताना चुलीपाशी त्यांच्या तव्यावरची पोळी जळाली होती.

सन एकोणनव्वदला त्यांना पहिली मुलगी झाली. ती दोन महिने सात दिवसांची होऊन गेली. आजार असा काही नव्हता, वाळत गेली. बघणारे म्हणायचे, बारकी हाये, भरंल. एक आठवडा बघू, असं दर आठवड्याला ठरायचं. गेली त्या दिवशी मुगाची आवक जोरात होती. कारभारी संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर फोलपट होतं. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. ते एवढंच म्हणाले, "तिला कुणी मोजलंच नाय का?" त्यानंतर या विषयावर ते छत्तीस वर्षं बोलले नव्हते. एकदम काटाच बाहेर काढला होता.

सारजाबाई पदराला हात पुसत आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. छकुली पीत होती. घोट गिळल्याचा बारीक आवाज येत होता. तो दोघींनाही ऐकू आला.

"ऐकताय ना, आई?" सोनिया म्हणाली.

"ऐकतेय."

"मग एकच आठवडा द्या. येत्या गुरुवारपर्यंत. तोवर वजन नाही वाढलं तर मीच डबा फोडते."

सारजाबाई पलंगाच्या कडेला बसल्या. "मागच्या येळी बी आम्ही आठवडाच दिला व्हता," त्या म्हणाल्या. मग छकुलीच्या पायावरून हात फिरवत, "तुझं खरं असंल सोनिया. पण मला परत तसं बघवणार नाय."

सोनियाला भामाबाईंशी भांडता आलं असतं. शिवराजशी तर ती भांडणारच होती, ते पुढच्या दहा वर्षांच्या यादीत होतं. पण समोर बसलेल्या या बाईच्या मांडीवर छत्तीस वर्षांपूर्वीचं एक बिनवजनाचं पोर होतं, आणि त्याच्यापुढं सात लंगोट हा काही पुरावा नव्हता. तिनं छकुलीला अंगावरून सोडवलं आणि सासूच्या हातात दिलं. छकुलीचं तोंड क्षणभर तसंच हलत राहिलं.

तेव्हा अकरा वीस झाले होते. बाकी आपण वर वाचलेलंच आहे.

छकुली झोपलेली असतानाचे चार तास मात्र वर आलेले नाहीत. दीड वाजता सोनियाचं ब्लाऊज पुढून भिजलं. दुखायला लागलं तेव्हा तिनं ते पिळून वाटीत काढलं. आमटीची वाटी काठोकाठ भरली. ही वाटी कुणाला तरी दाखवावी असं तिला फार वाटलं, पण दाखवायची सोय नव्हती. सासऱ्याला अशी वस्तू दाखवत नाहीत, सासू देवापुढं बसली होती आणि शिवराज पालथा झोपला होता. भामाबाईंनी दारातून बघितलं. भरलेली वाटी त्यांना दिसली, आणि त्या म्हणाल्या, "पायदळी नको टाकू. झाडाला घाल."

सोनियानं ते कढीपत्त्याच्या कुंडीत घातलं. त्या महिन्यात घरात सगळ्यात चांगलं अंग धरलं ते कढीपत्त्यानं.

पुढचे चार आठवडे सांगण्यासारखे नाहीत, म्हणून थोडक्यात सांगतो. बाटली आधी दिवसातून एकदाच होती, आईला विसावा म्हणून. मग दोनदा झाली. बाटलीतून आपोआप येतं, आईकडून ओढावं लागतं, हा फरक छकुलीच्या लवकर लक्षात आला. ती अंगावर घेतली की पाठीची कमान करून रडायला लागली. पोर ओढेना म्हणून दूध उतरेना, आणि दूध उतरेना म्हणून तिसरी बाटली. "बघ, नव्हतंच तुला," असं भामाबाई फोनवरून म्हणाल्या. नळाला पाणी आठव्या दिवशी यायचं. बाटल्या ड्रममधल्या पाण्यात उकळायच्या. एकदा जुलाब लागले आणि तीन दिवस घरात कुणी जेवलं नाही. आईच्या दुधाला नळ लागत नाही, हे नीरजाताईंनी सांगितलं होतं, पण ते वहीत लिहायला रकाना नव्हता.

वहीतलं वजन मात्र चढत होतं. पावडर लागू पडली, असं सगळे म्हणाले. चव्वेचाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, घरी वजन करून छकुलीला दीड महिन्याच्या लसीला नेलं. घरी वही म्हणाली तीन किलो पाचशे दहा. तिथल्या ताईंनी कार्डावर लिहिलं तीन आठशे साठ. कारभारींनी कार्ड दोनदा वाचलं, वही दोनदा वाचली आणि निर्णय दिला की तिथला काटा साडेतीनशे ग्रॅम जास्त दाखवतो. "शिक्का बी नाय त्याला पासिंगचा," ते रिक्षात म्हणाले. शिक्का नसलेल्या काट्यावर त्यांनी एकतीस वर्षांत विश्वास ठेवला नव्हता, आणि आपल्या काट्यावर तर शिक्का होताच.

चोपन्नाव्या दिवशी, रविवारी, बारसं होतं. तोवर कढीपत्त्याला घालायलाही काही उरलं नव्हतं.

पाळणा हॉलमध्ये बांधला होता. सव्वा महिना उलटून गेल्यामुळं आता सासऱ्यासमोर यायला जायला हरकत नव्हती, म्हणून कारभारींनी ठरवलं की आजचं वजन पाहुण्यांदेखत करायचं. शिवराजला सुट्टी होती. त्यानं टेबल पुसलं, काटा मांडला, वायर लावली. काट्यावर परात ठेवली. परातीत दुपटं अंथरलं. आणि एक बटण दाबलं.

कारभारी समोरच खुर्चीत बसले होते. परात काट्यावर होती आणि काटा शून्य दाखवत होता.

"हे काय केलं?"

"शून्य केलं."

"परात ठिऊन?"

"मग? परातीचं वजन येऊ नये म्हणून."

"दर गुरुवारी आसंच करतो?"

"व्हय," शिवराज म्हणाला. "कामून?"

कारभारी उठले. त्यांनी दुपट्यासकट परात उचलली. काट्यावर उणे तीनशे पन्नास उमटलं. ते परात धरून तसेच उभे राहिले; आलेल्या पाहुण्यांना वाटलं, काहीतरी ओवाळायचं असेल.

सारजाबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. दर गुरुवारी त्यांनी ते शून्य बघितलं होतं. रिकामा काटा शून्य दाखवतो हे त्यांना माहीत होतं, आणि परात रिकामीच होती. ज्याला काटा कळत होता तो दाराबाहेर पाठ करून बसला होता, आणि ज्यानं शून्य केलं होतं तो तेव्हा वाळूजला रिंगा मोजत होता. प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं होतं.

कारभारी वही घेऊन बसले आणि प्रत्येक ओळीत साडेतीनशे मिळवत गेले. नववा दिवस, दोन सातशे ऐंशी. सोळावा, दोन नऊशे तीस. तेविसावा, तीन किलो एकशे पन्नास. पेन्सिल तिथं थांबली. सोनिया छकुलीला घेऊन त्यांच्या मागं उभी होती. टाके भरले होते. ती आता सरळ उभी राहायची. ते आकडे तिनं वरून वाचले.

"आबा, म्हणजे पुरत होतं."

कारभारींनी मान वर केली नाही. "व्हय," ते म्हणाले.

सोनिया रडेल असं सारजाबाईंना वाटलं आणि त्या पुढं झाल्या. सोनिया रडली नाही. तिनं छकुलीला सासूच्या हातात दिलं, अगदी त्या रविवारी दिलं होतं तसंच, आणि पदर नीट केला. पदर कोरडाच होता.

पहिल्या भामाबाई सावरल्या. झालं ते झालं, पोरगी गुटगुटीत हाये, पाव्हणे खोळंबलेत, असं त्यांनी एका दमात सांगितलं, आणि काटा चादरीत गुंडाळून पुन्हा पलंगाखाली गेला. घरानं दुसऱ्यांदा ठरवलं की काही घडलं नाही. पाळण्यात नाव आत्यानं ठेवायचं असतं. छकुलीची आत्या दोन महिने सात दिवसांची होऊन गेली होती, म्हणून ते काम भामाबाईंकडं आलं. त्यांनी नाव ठेवलं अमृता. जेवताना देवगाव रंगारीच्या एका पाहुणीनं विचारलं, अंगावरच पाजते ना गं. हो म्हणून सांगितलं सगळ्यांनी. शिवराजनंसुद्धा, ज्याला कुणी विचारलं नव्हतं.

कारभारी त्या दिवशी जेवले नाहीत. माफी कशी मागतात हे त्यांना माहीत नव्हतं; आयुष्यात काही चुकलं, अडलं, हवं झालं की ते अर्ज लिहायचे. सोमवारी सकाळी सोनियानं कणीक मळायला परात घेतली तेव्हा तिच्याखाली घडी केलेला कागद निघाला. वर कोपऱ्यात लिहिलं होतं, 'प्रत माहितीसाठी : सौ. सोनिया.' तिनं तो ओट्यापाशी उभं राहून वाचला.

प्रति,
मा. सचिव साहेब,
बाजार समिती कार्यालय.

विषय : दुबार कापलेला कडता परत मिळणेबाबत.

अर्जदार : कारभारी, मापाडी (निवृत्त).

महोदय,

वरील विषयी विनंतीपूर्वक सादर करतो की, मी आपले सेवेत एकतीस वर्षे होतो. माझे मापाविरुद्ध एकही तक्रार नाही. चालू साली माझे राहते घरी मुलगी नग एक, हिचे वजन करतेवेळी, परातीचे वजन काट्यावर अगोदरच वजा झालेले असताना, मी ते वहीत पुन्हा वजा केले. त्यामुळे घट नसताना घट दाखवली गेली. सौ. सोनिया हिने त्याच वेळी हरकत घेतली होती (लंगोट सात, दररोज). ती मी विचारात घेतली नाही. त्या कारणे तिचे दूध बंद पडले असून त्यात तिचा कोणताही कसूर नाही.

तरी मे. साहेबांनी प्रकरणी लक्ष घालून, कापलेला कडता दर गुरुवारी साडेतीनशे ग्रॅमप्रमाणे, तसेच रविवार सकाळी अकरा वीसच्या आधीची परिस्थिती, सौ. सोनिया हिला जशीच्या तशी परत करण्याचे आदेश व्हावेत.

तसेच सन १९८९ मध्ये आमचे घरी एका मुलीचे वजन करावयाचे राहून गेले आहे. ते उशिराने करून घेण्यास मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.